बाटलीची पारख

समोर रिकामी बाटली दिसली की काका आधी ती उजेडाकडे धरायचे. मग डोळे मिटून अंगठा तिच्या तोंडावरून गोल फिरवायचे. कोणाच्या तरी मुलाचा वाढदिवस असायचा, केक कापायचा राहिलेला असायचा, यजमानीणबाई काडेपेटी हातात घेऊन उभ्या असायच्या, आणि काकांचा निकाल यायचा, "काच पातळ आहे. दाब सोसणार नाही." एवढं झालं की मग मुलाने मेणबत्त्या विझवायला हरकत नसायची.

"अरे, बीअर काय, कोणीही करतं," ते म्हणायचे. "खरा प्रश्न तिच्या राहण्याच्या सोयीचा असतो."

हे वाक्य आम्हाला मनापासून पटायचं, कारण आम्ही सगळे राहण्याच्या सोयीसाठीच वणवण केलेले लोक होतो. अल्फारेटा हे अटलांटाचं उपनगर. पुण्या-मुंबई-नागपूरहून व्हिसावर आलेल्या आम्ही मंडळींनी तिथे एकसारखी दिसणारी घरं घेतली होती. इतकी एकसारखी, की एकदा मी शेजाऱ्याच्या गॅरेजसमोर गाडी लावून, दार उघडत नाही म्हणून रिमोटला शिव्या देत बसलो होतो. शेजारी खिडकीतून शांतपणे बघत होता. त्यानेही कधीतरी माझ्या दारात हेच केलं असणार.

काका आमच्यातले ज्येष्ठ. सत्तरच्या दशकात आले, आयुष्यभर कारखान्यांसाठी बॉयलर आणि दाबाच्या टाक्या डिझाइन केल्या आणि रिटायर झाले. रिटायर झाल्यावर इतर काका प्राणायाम करतात, शेअर बाजार बघतात, नाहीतर महाराष्ट्र मंडळाच्या घटनेत दुरुस्त्या सुचवतात. यांनी गॅरेजात बीअर करायला घेतली. पूर्वी ते मंडळाचे अध्यक्ष होते, तेव्हा लोकांना जरा धक्का बसला. मग शनिवारी संध्याकाळी तेच लोक त्यांच्या गॅरेजात खुर्च्या ओढून बसू लागले. आम्ही सगळे सोशल ड्रिंकर होतो. म्हणजे दुसऱ्याची असली की पिणारे.

बीअर कशी असायची? चांगली असायची, असं म्हणायची पद्धत होती. शिवाय ती हातात पडेपर्यंत काकांचं व्याख्यान झालेलं असायचं आणि त्या व्याख्यानानंतर माणूस कोमट पाणीसुद्धा आनंदाने प्यायला असता. व्याख्यान बीअरवर नसायचं. ते भांड्यांवर असायचं. बाटल्या, बरण्या, पिंपं, झाकणं, बुचं आणि रबरं, या विषयावर इतकं बोलता येतं हे मला अमेरिकेत येईपर्यंत माहीत नव्हतं. या देशात संधी खरोखर अमर्याद आहेत.

सुरुवातीला त्यांच्याकडे एक उंच स्टीलचं पिंप होतं, सोड्याच्या कारखान्याने मोडीत काढलेलं. आमच्या दृष्टीने ते सर्वोत्तम. नळ सोडला की येतच राहायची. काकांनी ते काढून टाकलं. "हे पंगतीचं भांडं. एकदा नळ सोडला की पंगत बसवावी लागते." आम्ही पंगतीला तयारच होतो, पण आम्हाला कोण विचारतो?

मग पाच लिटरचा ठेंगणा पत्र्याचा डबा आला. तो आतून गंजतो, असं ठरलं. मग कान असलेली काचेची मोठी बरणी आली. ती उघडली की त्याच दिवशी संपवावी लागते, नाहीतर दुसऱ्या दिवशी गॅस गेलेला असतो. "मग त्याच दिवशी संपवू की!" आमच्यातला एक उदार मनाने म्हणाला. काकांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यानंतर बाटल्यांची पाळी आली आणि ते एखाद्या स्थळात खोट काढावी तशी प्रत्येकीत खोट काढत गेले. पांढऱ्या काचेला ऊन बाधतं, बीअरला कुबट वास येतो. हिरवीचं तेच, फक्त दिसायला बरी. फिरवून उघडायच्या झाकणाची बाटली असेल, तर तिच्यावर आपलं पत्र्याचं बूच नीट बसत नाही. प्लॅस्टिकची हलकी असते, फुटत नाही, बाहेरून दाबून आतला गॅस किती झाला तेही कळतं. "गुण सगळे आहेत रे," काका म्हणाले, "पण माणसासमोर ठेवायची लाज वाटते."

शेवटी पसंत पडली ती जाड काचेची, तपकिरी, तारेचा चाप आणि रबरी कडीचं झाकण असलेली बाटली. पण अगदी छोटी. एका माणसाला एकदाच पुरेल एवढी.

"काका, एवढीशी? हिच्यात आमचं काय भागणार?"

"म्हणूनच," काका म्हणाले.

ही बाटली सहजासहजी मिळत नसे. मग काका कचरा उचलायच्या दिवशी सकाळी फिरायला जाताना प्रत्येक घरासमोरच्या रिसायकलिंगच्या निळ्या टबात डोकावू लागले. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात पांढरे शूज, आणि हात लोकांच्या रिकाम्या बाटल्यांत. समोरच्या घरात एक वयस्क अमेरिकन बाई राहायच्या. त्यांना हे बघवेना. एक दिवस काकांच्या दारात मोडीत विकता येतील अशा ॲल्युमिनियमच्या रिकाम्या कॅनची भरलेली पिशवी आणि दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी चर्चने काढलेलं पत्रक दिसलं. काकांनी पत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

"माहिती चांगली दिली आहे," ते मला म्हणाले. "पण कॅन कशाला? बाटल्या हव्यात म्हणून तिला सांगायला पाहिजे." आणि ते खरोखर सांगायला गेले. त्यानंतर त्या बाई छोट्या बाटल्या धुऊन, वेगळ्या ठेवून, काकांना हाक मारून द्यायच्या. त्या काय समजल्या देव जाणे. पण निदान त्यांनी आशा सोडलेली नव्हती.

प्यायला कशात द्यायचं, हा निराळा प्रश्न होता आणि तो काकूंनी परस्पर निकालात काढला होता. काचेचे ग्लास गॅरेजात जाणार नाहीत, स्टीलचे पेले घ्या. कारण उन्हाळा सुरू झाला की आमच्या वस्तीत सगळ्यांचे आईवडील सहा महिन्यांसाठी येत आणि साडीवर स्नीकर घालून संध्याकाळी त्या रस्त्याने फेऱ्या मारत. काचेतलं दिसतं. स्टीलच्या पेल्यात माणूस काय पितो, हा त्याचा आणि पेल्याचा प्रश्न असतो. लाखो रुपये खर्च करून शिकलेले, मोठमोठ्या कंपन्यांचे डेटाबेस सांभाळणारे आम्ही बाप्ये सासूबाईंची चाहूल लागली की पेले मांडीजवळ धरून हवापाण्याच्या गप्पा मारू लागायचो.

एकदा माझ्याच सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशी गव्हाची बीअर होती, जरा पांढुरकी, वर फेस.

"ताक का हो? मलाही द्या घोटभर. फार उकडतंय."

सगळ्यांचे पेले एकदम खुर्च्यांखाली गेले. माझा तर देहच तिथे होता, आत्मा विमानतळाकडे निघाला होता. काकांनी शांतपणे एक छोटी बाटली उघडली, पेला भरला आणि दोन्ही हातांनी त्यांना दिला. सासूबाईंनी घोट घेतला, तोंडात घोळवला.

"आंबलंय हो जरा," त्या म्हणाल्या. "पण वाईट नाही. जिरं घाला पुढच्या वेळी." आणि पेला रिकामा करून फेरीला गेल्या. पुढची फेरी त्यांनी बरीच झपझप मारली, असं माझी बायको म्हणाली. काकांनी मात्र पुढच्या वेळी एका बाटलीत खरंच जिरं घालून बघितलं. त्यावर मी काही लिहीत नाही.

एकदा मी त्यांना सरळ विचारलं, "काका, सगळे लोक मोठं भांडं शोधतात. तुम्ही लहान-लहान का होत चाललाय?"

"प्रवासाला बरी पडते."

"कोणाच्या प्रवासाला?"

काका रबरी कड्यांच्या टिकाऊपणाबद्दल बोलू लागले. मला वाटलं, वय झालं की असं होत असेल.

उत्तर मला काकूंनी दिलं. तेही मी मागितलं नव्हतं. इंटरनेटवरून विमानाची तिकिटं काढून द्यायला त्यांनी मला बोलावलं होतं, काका फिरायला गेले असताना. पोर्टलंडची तिकिटं. पोर्टलंड म्हणजे देशाचं पार दुसरं टोक. मी लॅपटॉप उघडला, आणि काकू भेंडी चिरता चिरता म्हणाल्या, "हे गॅरेजातलं बीअर करायचं सामान ह्यांचं नाहीये, बरं का. आमच्या मुलाचं आहे."

काकांना मुलगा आहे हे आम्हाला माहीत होतं. तो कधी येत नाही, हेही माहीत होतं. पण मराठी मंडळींत मुलगा 'वेस्ट कोस्टला असतो' म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही. वेस्ट कोस्टला असणं हे पुरेसं कारण समजलं जातं.

तर मुलगा कॉलेज संपवून काही महिने घरी होता, तेव्हा त्याने हे सामान आणलं होतं. पाहुण्यांच्या बाथरूममधल्या टबात त्याची बीअरची बादली बुडबुडत होती. दुसऱ्या दिवशी घरी सत्यनारायण, निम्मं मंडळ जेवायला. अध्यक्षांच्या घरात दारू गाळतात असं कोणी म्हणायला नको, म्हणून काकांनी ती बादली त्याच्यासमोर टबात ओतून दिली.

"तो ओरडला नाही की काही नाही," काकू म्हणाल्या. "एवढंच म्हणाला, बाबा, फक्त बाटल्यांत भरायचं राहिलं होतं. मग सहा-सात दिवसांत सामान इथेच टाकून निघून गेला. तिकडेच नोकरी, तिकडेच लग्न. मला रविवारी फोन करतो."

"आणि काकांना?"

"हे बरोबर त्या वेळेला फिरायला जातात. म्हणजे त्याला मोकळेपणाने फोन करता येतो ना."

मला काकांचा खूप राग आला, आणि त्याच वेळी फार वाईट वाटलं. इतकी वर्षं त्यांच्या गॅरेजात बसून मी त्यांची चेष्टा केली होती, आणि तो माणूस एवढंच बघत होता, की मुलापर्यंत एक पेलाभर बीअर नीट पोचेल कशात. बाकी आम्ही सगळे चव बघायला बसवलेले होतो. आता पोर्टलंडला मुलाकडे नातीचं बारसं होतं, म्हणून बोलावणं आलं होतं. अमेरिकेतलं बारसं बाराव्या दिवशी होत नाही, लाँग वीकेंडला होतं.

"या म्हणालाय," काकू म्हणाल्या. "दोघांना म्हणालाय का, ते मी विचारलं नाही. तू दोन तिकिटं काढ."

तिकिटं निघाल्याचं कळल्यावर काकांनी ताबा घेतला. पोस्टाने पाठवावी तर पोस्टवाले दारू घेत नाहीत. विमानात हातात न्यावी तर नुकताच नवा नियम आलेला. "कॅरी-ऑनमध्ये लिक्विड अलाऊच नाही रे. एवढीशी औषधाची बाटली चालते म्हणे. तेवढ्यात काय नेऊ, तीर्थ?" म्हणजे चेक-इनच्या बॅगेत घालणं आलं, आणि बॅगा उचलणाऱ्या लोकांवर काकांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांनी परीक्षा सुरू केल्या. भरलेल्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून जिन्यावरून सोडून बघितल्या. फ्रीजरमध्ये ठेवून बघितल्या. माझ्या गाडीच्या डिकीत घालून मला हायवेवर पिटाळलं. "ब्रेक जोरात मार अधूनमधून." मी मारले. मागच्या गाडीतल्या माणसाने मला जी खूण केली, तीही काकांना सांगितली. ती त्यांच्या कामाची नव्हती.

छोटी बाटली सगळ्यांत पास झाली. एकही थेंब नाही, एकही तडा नाही. इतके खूश झालेले काका मी पहिल्यांदाच पाहिले.

निघायच्या दिवशी सकाळी विमानतळावर सोडायला मी त्यांच्या घरी गेलो, तर दिवाणखान्यात बॅग उघडी आणि काकू रागाने लाल झालेल्या. काकांनी त्या बाटल्या, मऊ आणि जाड म्हणून, बाळाच्या दुपट्यांत गुंडाळल्या होत्या. काकूंनी स्वतःच्या जुन्या साड्यांची शिवलेली दुपटी. बाजूला टोपडं, चांदीचे वाळे, डिंकाचे लाडू.

"तान्ह्या बाळाच्या दुपट्यात दारू? काही शोभतं का?" काकूंनी एकेक बाटली काढून सोफ्यावर ठेवली. "आणि फुटली म्हणजे? बारशाला त्या पोरीला बीअरचा वास येईल!"

काकांनी घड्याळाकडे बघितलं. वाद घालायला वेळही नव्हता. दोन बाटल्या घेऊन ते गॅरेजात गेले. बराच वेळ आले नाहीत, म्हणून मी दाराशी गेलो, तर ते काकूंचा फिरकीचा तांब्या टॉवेलाने पुसत होते. प्रवासात पाणी न्यायचा, फिरवून झाकण लावायचा, जुना स्टीलचा तांब्या. दोन्ही बाटल्या रिकाम्या होत्या.

"काका, ओतलीत?"

"काच फुटली असती रे. दुपट्याशिवाय फुटली असती. हा काही फुटत नाही."

"पण गॅस..."

"फिरकी घट्ट आहे," काका म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं नाही.

ज्याने एक बाटलीसुद्धा भरली आहे, त्याला कळतं की बीअर एकदा एका भांड्यातून दुसऱ्यात ओतली की गेली. आम्हाला हे त्यांनीच शिकवलं होतं. मला तर पाठ होतं. पण ज्या माणसाने जन्मभर दाबाच्या टाक्या बांधल्या, त्याला त्या सकाळी, टॉवेलातली बाटली जिन्यावरूनही फुटली नव्हती हेसुद्धा आठवत नव्हतं, फक्त फुटणार नाही असं काहीतरी हवं होतं. मी जाऊन गाडी काढली. गाडीत तो तांब्या त्यांनी मांडीवर धरला होता, आणि विमानतळावर बॅग काट्यावर चढायच्या अगदी आधी आत ठेवला.

पुढचं मला काकूंनी फोनवर सांगितलं. तांब्यातून थेंबभरही सांडलं नव्हतं. बारसं झालं, पाहुणे गेले, मग काकांनी तो तांब्या काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला. मुलाने नुसतं बघितलं. सुनेने दोन ग्लास आणून दिले. काकांनी ओतली. ना फेस, ना आवाज. मुलाने एक घोट घेतला.

"इट्स फ्लॅट, बाबा."

"हो," काका म्हणाले. "तुझी मी टबात ओतून दिली. ही आणताना घालवली. दोन्ही वेळा मीच."

काकू म्हणाल्या, "माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांच्या तोंडून असं काही मी ऐकलं नव्हतं." मुलगा उठून जाईल असं त्यांना वाटलं. तो गेला नाही. त्याने ती बेचव बीअर सावकाश सगळी प्यायली, पुन्हा ग्लास भरून घेतला आणि विचारलं, "बाटली कुठली वापरता, बाबा?"

या प्रश्नाचं उत्तर आम्ही दर शनिवारी ऐकलेलं होतं. प्रश्न विचारायचं मात्र आमच्यापैकी एकालाही कधी सुचलं नव्हतं.

"आणि हे गप्पच," काकू म्हणाल्या. "तोंड उघडायचे आणि मिटायचे. शेवटी सुनेने पाणी आणून दिलं."

ते बारशाला म्हणून गेले ते लवकर परत आलेच नाहीत. तिकीट एकदा पुढे ढकललं, मग दुसऱ्यांदा. मग काका फक्त घर विकायला आले. सगळा देश घरांच्या किमतींच्या नावाने रडत होता, नेमकं तेव्हा त्यांनी घर विकायला काढलं. वेळ साधणं हा काही त्यांचा विषय नव्हता. सामान बांधून पाठवलं, आमच्या हातात किल्ली दिली आणि एका दुपारी टॅक्सीने गेले. निरोपसमारंभ करायचा नाही अशी मंडळाला ताकीद होती. त्यामुळे मंडळाने तो त्यांच्या गैरहजेरीत केला.

घराचा ताबा द्यायच्या आदल्या दिवशी मी गॅरेज झाडायला गेलो, तर कोपऱ्यात खोकी राहिलेली. सगळी त्या छोट्या, तपकिरी, चापाच्या बाटल्यांनी भरलेली. मी पोर्टलंडला फोन लावला.

"काका, बाटल्या राहिल्यात. पाठवू का?"

"टाकून दे."

"अहो, एवढ्या पारखून जमवलेल्या..."

"तो दुसऱ्या वापरतो. यांचं रबर लवकर जातं म्हणतो."

"तुम्हाला पटलं?"

"छे! अजिबात नाही," काका म्हणाले. "रोज भांडतो आम्ही त्यावरून. आज सकाळी पण झालं."

मला अजून बोलायचं होतं, इकडच्या सगळ्यांची खबर सांगायची होती. पण आतून कोणीतरी "बाबा" म्हणून जोरात हाक मारली, आणि काकांनी घाईघाईने फोन ठेवला.